आयता दाब, विकतचा दाब

घरातल्या आरओचं मेंब्रेन बदलायला वर्ष-दीड वर्षाने माणूस येतो. जुनी गुंडाळी काढून ओट्यावर ठेवतो, नवी बसवतो, आणि जाता जाता म्हणतो, "पंपाचा आवाज वाढलाय, तेवढं बघा." आपण पैसे मोजतो मेंब्रेनचे, त्याचा कान असतो पंपाकडे. कार्बन डायऑक्साइड वेगळा करणाऱ्या मेंब्रेनांविषयी वाचताना मला हा माणूस नेहमी आठवतो. या विषयावर दरवर्षी ढिगाने शोधनिबंध निघतात आणि त्यातले बहुतेक गुंडाळीविषयी असतात: नवं पॉलिमर, नवं स्फटिक, नवा थर. पंपाविषयी बोलणारे थोडेच. माझ्या मते मात्र या तंत्राचं नशीब गुंडाळीपेक्षा पंपानेच जास्त ठरवलं आहे. जिथे दाब आयता मिळाला तिथे मेंब्रेन चाळीस वर्षांपूर्वीच कारखान्यात शिरलं. जिथे तो विकत घ्यावा लागतो तिथे ते अजून दाराशी उभं आहे.

आधी मेंब्रेन काय करतं ते पाहू. गोटी सोड्याची काचेची बाटली महिनोन्महिने तशीच राहते. प्लास्टिकच्या बाटलीतलं शीतपेय, झाकण न उघडताही, काही महिन्यांत मिळमिळीत होतं. बाटलीला भोक नसतं. कार्बन डायऑक्साइड प्लास्टिकच्या भिंतीत विरघळतो, पॉलिमरच्या साखळ्यांमधून वाट काढत पलीकडे जातो आणि हवेत सुटतो. छोटी बाटली मोठीपेक्षा लवकर उतरते, कारण आतल्या पेयाच्या मानाने तिला भिंत जास्त. शीतपेयवाल्यांच्या डोळ्यांत सलणारा हा दोष गॅस वेगळे करणाऱ्यांच्या दृष्टीने गुण आहे. त्यांना अशी भिंत हवी असते जिच्यातून एक वायू भराभर जाईल आणि दुसरा रेंगाळेल.

'चाळणी' हा शब्द इथे सोयीचा असला तरी फसवा आहे. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचा व्यास साधारण ०.३३ नॅनोमीटर, नायट्रोजनचा ०.३६४, मिथेनचा ०.३८. फरक केसाच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी. एवढी बारीक आणि एकसारखी भोकं पाडणं महाकठीण, आणि रबरासारख्या पदार्थात तर भोकं नसतातच. तिथे काम होतं ते मुख्यतः विरघळण्यावर. कार्बन डायऑक्साइड बहुतेक पॉलिमरांत नायट्रोजनपेक्षा कितीतरी सहज विरघळतो, म्हणून लवकर पार होतो. काचेसारख्या कडक पॉलिमरांत रेणूच्या आकारालाही महत्त्व येतं. पण दोन्हीकडे एक अट कायम आहे. अलीकडे त्या वायूचा दाब पलीकडच्यापेक्षा जास्त हवा, नाहीतर रेणूला पलीकडे जायचं काही कारणच उरत नाही.

वायू असा भिंतीतून पार होतो हे पहिल्यांदा पाहिलं ते थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने. १८२९ साली त्याने कोळशाच्या वायूने अर्धवट भरलेला ओला मूत्राशय कार्बन डायऑक्साइडच्या भांड्यात ठेवला, तर तो फुगून फुटायच्या बेताला आला. बाहेरचा वायू ओल्या पातळ भिंतीतून आत शिरला होता. दोन वर्षांनी फिलाडेल्फियात जॉन मिचेल यांनी रबरी फुग्यांत वेगवेगळे वायू भरून पाहिले, त्यांत कार्बन डायऑक्साइडचा फुगा पुष्कळ लवकर लुळा पडला. ग्रॅहम पुढे ब्रिटनच्या टांकसाळीचा प्रमुख झाला, पण हा विषय त्याने सोडला नाही. १८६६ साली त्याने विरघळणं आणि सरकणं अशा दोन पायऱ्यांचं स्पष्टीकरण मांडलं आणि रबरामागे निर्वात करून हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर नेऊन दाखवला. हा ४१ चा आकडा लक्षात असू द्या.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं या शोधाचा कारखान्यांना उपयोग झाला नाही. अपवाद एकच, तोही भयंकर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ओक रिज इथे युरेनियमचे समस्थानिक वेगळे करायला सच्छिद्र धातूचे पडदे वापरले. एका पडद्यातून फरक पडायचा हजारात जेमतेम चार भागांचा, म्हणून एकामागे एक हजारो टप्पे लावले. त्याला लागलेल्या विजेचा हिशोब युद्धात कोणी विचारत नाही.

नागरी कारखान्याची अडचण जाडीची होती. मेंब्रेन जाड तर वायू पार होत नाही, पातळ तर ते फाटतं. १९६०च्या सुमारास लॉस एंजलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी खाऱ्या पाण्यासाठी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं असं मेंब्रेन केलं की वरची साय तेवढी दाट आणि अतिशय पातळ, खाली स्पंजासारखा आधार. काम साय करते, भार स्पंज सोसतो. प्रयोगशाळेत हे घडताना पाहण्यासारखं असतं. काचेवर मधासारखं घट्ट, पारदर्शक द्रावण ओततात, सुरीच्या पात्याने एका जाडीत पसरवतात आणि काच पाण्याच्या ट्रेमध्ये अलगद सोडतात. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पारदर्शक थर दुधासारखा पांढरा होतो आणि थोड्या वेळात कडेने सुटून पाण्यावर तरंगू लागतो. द्रावक पाण्यात पळाला, पॉलिमर मागे उरलं. कारखान्यात हेच पोकळ तंतू काढून करतात, शेवया पाडाव्यात तसे, फक्त प्रत्येक शेवईच्या पोटात नळी. त्या तंतूंचे हजारोंचे जुडगे एपॉक्सीने टोकाला चिकटवून पोलादी नळीत बसवले की झालं मॉड्यूल. घनमीटरभर जागेत काही हजार चौरस मीटर पृष्ठभाग मावतो.

वायूला मात्र पाण्यापेक्षा जास्त कडक साय लागते. लाख तंतूंत चार-दोन ठिकाणी सुईच्या अग्राहून बारीक भोक राहिलं तरी वायू तिथून धो धो निघून जातो आणि सगळी निवड पाण्यात जाते. यावरचा उपाय मोन्सँटो कंपनीतल्या जे हेनिस आणि मेरी के ट्रिपोडी यांनी काढला, आणि मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत देशी वळणाचा वाटतो. निर्दोष साय करण्याचा हट्ट त्यांनी सोडून दिला. पॉलिसल्फोनचे गळके तंतू घेतले आणि वरून सिलिकोन रबराचा हात फिरवला. गळक्या टाकीला आपण एम-सील लावतो ना, तसं. सिलिकोनने भोकं बुजली, बाकी सायीला फारसा अडथळा झाला नाही. १९८०च्या सुमारास 'प्रिझम' या नावाने ही मॉड्यूलं बाजारात आली आणि अमोनियाच्या कारखान्यांत फुकट जाणारा हायड्रोजन परत मिळू लागला.

अमोनियाचा कारखानाच पहिला का? तिथल्या चक्रात वायू मुळातच शंभराहून अधिक पट वातावरणीय दाबाखाली फिरत असतो. साचलेले नको ते वायू अधूनमधून बाहेर सोडावे लागतात, त्यांच्याबरोबर हायड्रोजन जातो. हा वायू बाहेर पडतानाच दाबासकट पडतो. मेंब्रेनमधून ढकलण्यासाठी एक युनिटसुद्धा वीज जाळावी लागत नाही. आयता दाब.

नैसर्गिक वायूचं तेच. विहिरीतून येणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड असेल तर तो पाइपलाइनला चालत नाही. ओलसर कार्बन डायऑक्साइडने पोलाद गंजतं, शिवाय तो जळत नाही. अमेरिकी पाइपलाइनींची मर्यादा साधारण दोन टक्के. विहिरीतला दाब भरपूर, म्हणून १९८०च्या दशकात सेल्युलोज अ‍ॅसिटेटची मेंब्रेनं टेक्सासच्या तेलक्षेत्रांत पोचली आणि पुढे पाकिस्तानातल्या कादिरपूरच्या वायूक्षेत्रात, मलेशिया-थायलंडजवळच्या समुद्री फलाटांवर आणि ब्राझीलच्या खोल समुद्रातल्या तरंगत्या जहाजांवर. जहाजावर आणखी एक गोष्ट पथ्यावर पडली. कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या अमाइन द्रावणाचे मनोरे उंच, जड, वर हेलकाव्यात द्रव एका बाजूला जातो. मेंब्रेनच्या नळ्यांना हेलकाव्याचं काही नाही. हवेतून नायट्रोजन काढणारी मेंब्रेनंही याच काळात आली आणि आज ती इतकी रुळली आहेत की कुणी त्यांच्यावर लेख लिहीत नाही.

म्हणजे 'कार्बन डायऑक्साइड वेगळा करणारं मेंब्रेन' ही काही उद्याची गोष्ट नाही. उद्यावर ढकललेला आहे तो धुराड्याचा भाग, आणि हवामानाच्या दृष्टीने नेमका तोच महत्त्वाचा.

आता चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातला ५०० मेगावॅटचा एक संच डोळ्यांसमोर आणू. पूर्ण क्षमतेने चालला तर असा संच दिवसाला साधारण अकरा-बारा हजार टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. सेकंदाला पाचशे घनमीटरच्या आसपास वायू धुराड्यातून जातो. त्यात कार्बन डायऑक्साइड १३ टक्के धरू, बाकी बहुतेक नायट्रोजन, थोडी वाफ, थोडा ऑक्सिजन, राखेचे कण आणि गंधकाची संयुगं. दाब? वातावरणाइतकाच. ढकलायला काही नाही.

मग दाब विकत घ्यायचा. एक मार्ग म्हणजे सगळा वायू पाचपट दाबायचा. पण मग त्यातला ८७ टक्के भाग, जो आपल्याला नकोच आहे, तोही दाबावा लागतो. म्हणजे वरातीतल्या सगळ्यांना जेवू घालायचं, आणि काम फक्त नवरदेवाशी. दुसरा मार्ग म्हणजे मेंब्रेनच्या पलीकडे व्हॅक्यूम पंप लावून पाचवा हिस्सा दाब ठेवायचा. इथे फक्त पार झालेल्या वायूचीच वीज मोजावी लागते. हा मार्ग शहाणपणाचा, पण त्याला स्वतःची एक भिंत आहे.

ती भिंत आकड्यांत पाहण्यासारखी आहे. अलीकडे कार्बन डायऑक्साइडचा वाटा १३ टक्के, पलीकडचा एकूण दाब अलीकडच्याच्या एक पंचमांश. पलीकडे त्याचं प्रमाण १३ च्या पाचपट, म्हणजे ६५ टक्के झालं की दोन्ही बाजूंना त्याचा दाब सारखा होतो आणि रेणूंचं जाणं थांबतं. मेंब्रेन कितीही चोखंदळ असो, एका टप्प्यात ६५ च्या पुढे ते जाऊ शकत नाही. नायट्रोजनपेक्षा कार्बन डायऑक्साइडला ५० पट वेगाने जाऊ देणारं मेंब्रेन घेतलं तर सुरुवातीच्या थेंबात सुमारे ५५ टक्के मिळतात. चोखंदळपणा दुप्पट करून १०० वर नेला तर? सुमारे ५९. एखाद्या विद्यार्थ्याने पीएचडीची पाच वर्षं घालवून हा आकडा दुप्पट करावा आणि कारखान्याच्या पदरात चार टक्के पडावेत. पाइपलाइनला, जमिनीखाली साठवायला ९५ टक्क्यांच्या वर शुद्धता लागते, म्हणजे दुसरा टप्पा आलाच, दुसरा पंप आलाच.

चोखंदळपणापेक्षा इथे वेग जास्त कामाचा. वेग मोजण्याच्या एककाला जीपीयू म्हणतात, 'गॅस पर्मिएशन युनिट'. हल्ली ही तीन अक्षरं ऐकली की लोकांना दुसरंच काही आठवतं. हजार जीपीयूचं मेंब्रेन, सरासरी दाबातला फरक वातावरणाच्या पाच टक्के, असा ढोबळ हिशोब मी केला तर एका चौरस मीटरमधून दिवसाला साडेसहा किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पार होतो. चंद्रपूरच्या त्या एका संचातून दहा हजार टन पकडायचा म्हटला तर पंधरा लाख चौरस मीटर मेंब्रेन, म्हणजे डझनभर शिवाजी पार्क. गुंडाळून, नळ्यांत भरून ते बरंच कमी जागेत बसतं, पण विणावं, चिकटवावं आणि दर काही वर्षांनी बदलावं तर सगळं लागतं. दुप्पट वेगाचं मेंब्रेन आलं की हा आकडा थेट निम्मा होतो.

हे गणित ज्यांनी सर्वांत गांभीर्याने घेतलं ती कॅलिफोर्नियातली 'मेंब्रेन टेक्नॉलॉजी अँड रिसर्च' ही रिचर्ड बेकर यांनी १९८२ साली स्थापलेली कंपनी. त्यांच्या 'पोलारिस' मेंब्रेनचा चोखंदळपणा ५०च्या आसपासच आहे, डोळे दिपवणारा नाही. वेग मात्र जुन्या मेंब्रेनांच्या दहापट. पण त्यांची खरी करामत मेंब्रेनबाहेरची. टिम मर्केल आणि सहकाऱ्यांनी २०१०च्या शोधनिबंधात मांडली ती युक्ती अशी. बॉयलरला जळणासाठी हवा लागतेच. ती हवा आत जाण्याआधी मेंब्रेनच्या पलीकडच्या बाजूवरून फिरवून न्यायची. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसतो, त्यामुळे पार आलेला रेणू लगेच वाहून जातो आणि पलीकडचं त्याचं प्रमाण चढतच नाही. पंपाशिवाय ओढ तयार झाली. ती हवा बॉयलरमधून फिरून परत येते तेव्हा धुरातलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण आधीपेक्षा वाढलेलं असतं, म्हणजे पहिल्या टप्प्याचंही काम सोपं होतं. बॉयलरला ऑक्सिजन थोडा कमी मिळतो ही किंमत. मला या युक्तीत हेनिस-ट्रिपोडींच्या एम-सीलचीच जात दिसते. नवं रसायन नाही. हाताशी जे फुकट वाहतंय त्याला वळण देणं.

अलाबामातल्या राष्ट्रीय चाचणी केंद्रात दिवसाला २० टनांवर आणि मग वायोमिंगमधल्या ड्राय फोर्क वीजकेंद्रावर दिवसाला दीडशे टनांच्या घरात, अशी ही पद्धत चढत गेली आहे. दीडशे टन म्हणजे चंद्रपूरच्या आपल्या संचाचा सत्तरावा भाग. छोटा वाटतो, पण धुराड्यावरच्या मेंब्रेनसाठी हीच मोठी मजल. अशा प्रकल्पांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. मेंब्रेनला ६०-७० टक्के पकडायला सांगितलं तर ते स्वस्तात करतं. ९० टक्के म्हटलं की शेवटचा विरळ भाग ओढायला क्षेत्रफळ आणि वीज दोन्ही उसळतात. सरकारी उद्दिष्टं मात्र ९० किंवा त्याहून वरच लिहिलेली असतात. हा आकडा अमाइनला डोळ्यांसमोर ठेवून रूढ झाला. अमाइनला ९० अवघड नाही.

अमाइन म्हणजे मेंब्रेनचा जुना, मुरलेला प्रतिस्पर्धी. १९३० साली पेटंट घेतलेली पद्धत: अमाइनचं द्रावण वायूत शिंपडायचं, कार्बन डायऑक्साइड त्याला चिकटतो, मग द्रावण तापवून तो सोडवायचा. तापवायला वाफ लागते, टनामागे पूर्वी साडेतीन-चार गिगाज्यूल, आता त्याहून कमी. वीजकेंद्राची वाफ त्यात जाते, द्रावण हळूहळू खराब होतं. तरी मोठ्या प्रकल्पांत आजवर त्याचंच राज्य. नॉर्वेतल्या ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०१३ पासून चार पद्धतींची चाचणी झाली. त्यांत नॉर्वेच्याच ट्रॉन्डहाइम विद्यापीठात मे-ब्रिट हेग यांच्या गटाने घडवलेलं मेंब्रेनही होतं. निवड झाली अमाइनची. २०२५ मध्ये तिथे वर्षाला चार लाख टन पकडणारा प्रकल्प सुरू झाला. सिमेंटच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या धुरापेक्षा बराच दाट असतो, म्हणजे मेंब्रेनला तिथे वाव चांगला. आणि भट्टीची उष्णता वाया जात असते, म्हणजे अमाइनला वाफही स्वस्त. आयत्या दाबाला आयत्या उष्णतेने हरवलं, असं मी म्हटलं असतं, पण तिथे दाब आयता नव्हताच.

हेग यांचं मेंब्रेन ज्या जातीचं आहे ती जात मात्र सगळ्यांत चतुर. तिच्यात अमाइनचे गट पॉलिमरलाच जोडलेले असतात. नदीवरच्या तरीसारखं समजा. कार्बन डायऑक्साइड ओलाव्यात अमाइनशी संयोग पावून होडीत बसतो, पलीकडे उतरतो. नायट्रोजनला होडीत घेत नाहीत, त्याला पोहतच जावं लागतं. ही कल्पना जुनी आहे. १९६७ साली वॉर्ड आणि रॉब यांनी क्षाराच्या द्रावणाच्या पातळ थरातून ऑक्सिजनच्या दीड हजार पट कार्बन डायऑक्साइड जाताना दाखवला होता. तरीच्या मर्यादाही उघड आहेत. प्रवासी फार झाले की होड्या भरतात आणि दाब वाढवून काही मिळत नाही. कोरडं पडलं की होड्या वाळूत. पण धुराड्यातला वायू कमी दाबाचा आणि ओला असतो, म्हणजे या दोन्ही मर्यादा तिथे फारशा आड येत नाहीत. ओहायोत विन्स्टन हो यांनी या वाटेवर बरीच वर्षं काम केलं आहे. माझा भरवसा विचाराल तर नव्या पदार्थांपैकी याच जातीवर जास्त आहे.

बाकी पदार्थांची मिरवणूक मोठी आहे आणि तिच्यातून भराभर जायला हवं. १९९१ साली लॉइड रोबसन यांनी शेकडो पॉलिमरांचे बिंदू एका आलेखावर मांडून दाखवलं की वेग वाढला की चोखंदळपणा घटतो, आणि वर एक रेषा आहे जी कुणी ओलांडत नाही. २००८ साली त्यांनीच रेषा थोडी वर सरकवली. तेव्हापासून प्रत्येक नव्या पदार्थाची ओळख 'रोबसनच्या वर' अशी करून दिली जाते. मँचेस्टरमधून २००४ साली आलेलं पीआयएम-१, ज्याच्या वाकड्या साखळ्या नीट रचूच शकत नाहीत म्हणून आत पोकळ्या राहतात. कोरियातली, तापवून आतल्या आत पुनर्रचना केलेली पॉलिमरं. पॉलिमर जाळून केलेली कार्बनची आण्विक चाळणी. आणि धातू व सेंद्रिय दुव्यांची जाळीदार स्फटिकं, ज्यांच्यासाठी २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं (हे रॉबसन रिचर्ड, रेषेचे लॉइड). सगळी रेषेच्या वर जातात, निदान सुरुवातीला. पीआयएम-१च्या पोकळ्या महिन्यांत आकसतात. कार्बन डायऑक्साइड दाट झाला की तो पॉलिमरलाच फुगवतो, साखळ्या सैल पडतात आणि मिथेनही घुसू लागतो. स्फटिकं ठिसूळ, मोठी करणं महाग. प्रयोगशाळेतला आकडा बहुधा नाण्याएवढ्या चकतीवर, शुद्ध कोरड्या वायूने, ३५ अंशांना काढलेला असतो. बेकर यांनी २००२ साली नोंदवलं होतं की बसवलेल्या मेंब्रेनांपैकी ९० टक्के केवळ आठ-नऊ पॉलिमरांची आहेत. त्यानंतर ही यादी फार लांबलेली मला दिसत नाही.

तरी प्रयोगशाळेतलं ते मोजमाप पाहायला मला आवडतं. मेंब्रेनची चकती पोलादी कप्प्यात घट्ट आवळलेली. पलीकडून निघणारी बारीक नळी काचेच्या उभ्या ब्यूरेटला जोडलेली, तळाशी साबणाचं पाणी. रबरी फुगा चिमटला की साबणाचा एक पापुद्रा नळीत चढू लागतो. विद्यार्थिनी हातातल्या स्टॉपवॉचकडे आणि पापुद्र्याकडे आळीपाळीने पाहते. दहा मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पोचायला किती सेकंद? कार्बन डायऑक्साइडला तो सरसर चढतो. नायट्रोजन सोडला की पापुद्रा चढतोय की थांबलाय हेच कळेना. ती खुर्ची ओढून बसते, चहा येतो, गार होतो.

महाराष्ट्रात या कामाचं मुख्य घर म्हणजे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. तिथल्या उल्हास खारूल यांच्या गटाने पॉलिबेंझिमिडाझोल या उष्णता सोसणाऱ्या पॉलिमरवर दीर्घकाळ काम केलं आणि राहुल बॅनर्जी यांच्यासोबत त्यात जाळीदार स्फटिकं गुंफून पाहिली. करोनाच्या काळात त्याच प्रयोगशाळेतल्या पोकळ तंतूंच्या तंत्रातून हवेतला ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या आसपास नेणारं यंत्र पुढे आलं. ग्रॅहमचा ४१ चा आकडा आठवतो? दीडशे वर्षांनी, कितीतरी चांगल्या तंतूंनी, आपण त्याच मुक्कामी. यात कुणाची हार नाही. ऑक्सिजन आणि नायट्रोजन हे रेणूच एकमेकांसारखे, आणि एका टप्प्यात, बेताच्या दाबाने, यापुढे फार जाता येत नाही. सौम्य श्वसनत्रासाच्या रुग्णाला तेवढं पुरतंही.

धुराड्यांवरचे भारतातले प्रकल्प मात्र द्रावणांचेच आहेत. तुतिकोरिनला २०१६ पासून वर्षाला साठ हजार टनांच्या क्षमतेचा, जमशेदपूरला टाटा स्टीलमध्ये २०२१ पासून दिवसाला पाच टनांचा, विंध्याचलला एनटीपीसीचा दिवसाला वीस टनांचा. आयआयटी मुंबईत २०२२ साली कार्बन पकडणे आणि वापरणे यासाठी राष्ट्रीय केंद्र झालं. आपल्याकडे दाब आयता मिळण्याची जागा शोधायची तर पोलादाची झोतभट्टी आठवते: तिच्या माथ्याचा वायू दोन-तीन पट दाबाने येतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या धुराहून दाट असतो. पण आधुनिक भट्ट्यांवर त्या दाबाने टर्बाइन फिरवून वीज काढतात. आयतं म्हणून जे दिसतं त्यावर आधीच कुणाचं तरी ताट वाढलेलं असतं.

हवेतून थेट कार्बन डायऑक्साइड ओढण्यासाठी मेंब्रेन वापरायच्या कल्पनेवर मी इथे थांबत नाही. ०.०४ टक्क्यांवरून सुरुवात करायची तर वरच्या पाचपटीच्या हिशोबाने पहिल्या टप्प्यात ०.२ टक्के मिळतील. पुढचं वाचकांनी मोजावं.

मला जिथे मेंब्रेन खरोखर पोट भरताना दिसलं ती जागा साखर कारखान्याच्या मागची होती. उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या प्रेसमडपासून बायोगॅस काढायचा आणि तो शुद्ध करून गाड्यांसाठी सीबीजी, म्हणजे दाबलेला बायोगॅस, म्हणून विकायचा, असे प्रकल्प २०१८च्या 'सतत' योजनेनंतर उभे राहू लागले. बायोगॅसमध्ये मिथेन ५५-६० टक्के, उरलेला जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. विकायला मिथेन किमान ९० टक्के लागतो. इथे मेंब्रेनला दोन फायदे. तसाही हा वायू शेवटी २५० पट दाबून सिलिंडरच्या चौकटींत भरायचा असतो, म्हणजे कॉम्प्रेसर घेणं आलंच; त्याच वाटेवर दहा-पंधरा पटीवर थांबून मेंब्रेनमधून नेलं की झालं. आणि पार होतो तो कार्बन डायऑक्साइड, मिथेन अलीकडेच, दाबासकट राहतो. विकायचा माल दाब गमावत नाही. एक टप्पा ठेवला तर मिथेनही बराच निसटतो, आणि हवेत सुटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट उपद्रवी. म्हणून चांगल्या मांडणीत तीन टप्पे असतात आणि निसटणारा वायू परत सुरुवातीला आणतात. गंमत अशी की शेजारच्याच इथेनॉलच्या आसवनीत किण्वनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शुद्धच असतो. त्याला मेंब्रेन लागत नाही, फक्त पकडून भरायची इच्छा लागते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या अशाच एका प्रकल्पावर मी गेलो तेव्हा सकाळपासून सडक्या अंड्यांचा वास हवेत होता. मेंब्रेनचा कंटेनर बंद पडलेला. आत चकचकीत पोलादी नळ्या उभ्या, बासरीच्या दुकानात असल्यासारख्या. ऑपरेटर चाळिशीचा, बाह्या वर केलेल्या. मी विचारलं, मेंब्रेन खराब झालं का?

"मेंब्रेन आपणहून मरत न्हाय सायेब, त्याला आपणच मारतो." त्याने कॉम्प्रेसरकडे बोट केलं. तेलाचा फिल्टर वेळेवर बदलला नव्हता, तेलाचं धुकं वायूबरोबर पुढे गेलं आणि तंतूंवर बसलं. गंधक शोषायचा कोळसाही संपत आला होता, तेवढ्यात हे. नव्या नळ्या यायला सहा आठवडे. तोवर बायोगॅस मशालीवर जळत होता.

"आता बघा," म्हणून त्याने शिफ्टचं रजिस्टर उघडलं. तासातासाच्या नोंदी, निळ्या आणि लाल शाईत. आत येणारा दाब, बाहेर जाणारा दाब, तापमान, मिथेनची टक्केवारी, गंधक, तेलाची पातळी, विजेचे युनिट. प्रत्येक पानाच्या तळाला युनिटांची बेरीज दोनदा अधोरेखित केलेली. मेंब्रेनसाठी वेगळा रकाना कुठे दिसला नाही. विचारलं तर त्याने बाहेर जाणाऱ्या दाबाच्या आणि मिथेनच्या आकड्यांवरून बोट फिरवलं, पान उलटलं आणि पुढच्या तासाची नोंद करायला कॉम्प्रेसरच्या गेजकडे गेला.